रद्दीची निवड



‘रद्दी’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला. ‘रद्द’ म्हणजे परत फिरविलेले, नाकारलेले. नाकारणारा कोणीतरी असल्याशिवाय कागदाची रद्दी होत नाही, हे त्या शब्दातच सांगितलेले आहे. आणि हा नाकारण्याचा अधिकार माणसाच्या हातून यंत्राच्या हाती कसा गेला, हाच आजचा विषय आहे. ईमेलच्या फोल्डरमध्ये जी नको असलेली पत्रे रोज येऊन पडतात, ज्यांना जगभर ‘स्पॅम’ असे नाव आहे, ती वेगळी काढण्याची विद्या कशी घडली आणि आपली मराठी पत्रे त्या चाळणीत घातली म्हणजे त्यांचे काय होते, हे मला आपणापुढे मांडावयाचे आहे. विषय संगणकाचा खरा. पण खानदेशात उभे राहून तो सांगावयाचा तर सुरुवात अमेरिकेपासून करण्याचे कारण नाही. ती धुळ्यापासून करता येते.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच गावी उभे राहिले. राजवाड्यांचे आयुष्य कागद गोळा करण्यात गेले. ज्या काळी ते गावोगाव हिंडले त्या काळी जुन्या वाड्यांतील दप्तरे माळ्यावर पडलेली असत. काहींना वाळवी लागलेली, काही पावसाने भिजून चिकटलेली, काही वाण्याकडे पुड्या बांधावयास गेलेली. घरधन्याच्या लेखी ती रद्दीच होती. राजवाड्यांनी ती तशी मानली नाही. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला, त्यात पानिपतच्या आधीच्या दहाअकरा वर्षांतील पत्रे होती. पुढे खंड बावीस झाले.

पण सर्वच कागद रद्दी नव्हेत, याचा अर्थ सर्वच कागद सारखे आहेत असा होत नाही. रुमाल सोडला की त्यातून हुंड्या निघत, वाणसामानाच्या याद्या निघत, सोयरिकीची पत्रे निघत, एखादे राजपत्र निघे आणि एखादा बनावट महजरही निघे. निवड करावीच लागे. तिची पहिली परीक्षा बाह्यांगाची: कागद कोणता, मोडीचे वळण कोणत्या काळचे, शिक्का कोणाचा, मिती आणि शुहूर सन यांचा मेळ बसतो की नाही. पत्राच्या शेवटी मोर्तब असे. मोर्तब उठले म्हणजे मजकूर तेथे संपला. त्याखाली कोणी चार ओळी घुसडू नयेत, यासाठी तो बंदोबस्त होता. इंग्रजी अमदानीत इनाम कमिशनने, विशेषतः १८५२ च्या कायद्यानंतर, जुन्या सनदा तपासावयास घेतल्या, तेव्हा ही परीक्षा पोटापाण्याची झाली. सनद खरी ठरली तर जमीन राहिली, खोटी ठरली तर गेली. बनावट सनद खरी म्हणून सुटली तर सरकारचा थोडा वसूल बुडणार. पण खरी सनद खोटी म्हणून बाजूस पडली तर एक घर उठणार. दोन्ही चुकाच, परंतु त्यांचे वजन एक नव्हे. हा भेद आपण ध्यानात ठेवू, कारण दीडशे वर्षांनी संगणकवाल्यांना तो पुन्हा शिकावा लागला.

दुसरी परीक्षा अंतरंगाची, म्हणजे शब्दांची. धुळ्याचेच शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थांच्या वाङ्मयाच्या पोथ्या आणि बाडे जमविली, डोमगावच्या कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून दासबोध छापला. अशा कामात पदोपदी विचारावे लागते की ही ओवी मूळची की मागाहून घातलेली. प्रत प्रतीशी ताडून पाहावी लागते, आणि प्रत नसेल तेथे शब्दांच्या चालीवरून ओळखावे लागते. तरबेज वाचकाला हे चालीवरून कळते. कसे कळते ते मात्र त्याला धड सांगता येत नाही.

राजवाड्यांनी ते सांगण्याचा एक प्रयत्न केला, आणि तो मला आजच्या विषयाचा मराठीतील पहिला पाठ वाटतो. साधनांच्या आठव्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी तीन काळांतील तीन पत्रांचे शब्द चक्क मोजले. १६२८ च्या पत्रात एकंदर २३६ शब्द, त्यांत मराठी अवघे ३४, बाकीचे फारसी. १६७७ च्या पत्रात १३५ पैकी ८४ मराठी. १७२८ च्या पत्रात १२७ पैकी ११९ मराठी. म्हणजे शंभर वर्षांत मराठी शब्दांचे प्रमाण शेकडा १४ वरून ६२ वर आणि तेथून जवळजवळ ९४ वर गेले. राजवाड्यांना यावरून शिवकालाचा भाषेवरील परिणाम दाखवावयाचा होता. आपल्याला यातील रीत महत्त्वाची आहे. पत्राचा अर्थ क्षणभर बाजूस ठेवून केवळ शब्द मोजले तरी ते पत्र कोणत्या काळचे, कोणत्या जातीचे, याचा अंदाज बांधता येतो, ही ती रीत. (आपला ‘रद्दी’ हा शब्द त्यांनी अर्थातच फारसीच्या बाजूस मोजला असता.)

या मोजणीवर एक आक्षेप सरळ घेता येतो. तीन पत्रे म्हणजे फार थोडा पुरावा. दरबारी पत्रात फारसी अधिक असणार, घरगुती पत्रात कमी. तेव्हा १६२८ चे पत्र कोणत्या प्रकारचे निवडले यावर उत्तर अवलंबून राहते. रीत खरी, पण ज्या ढिगावरून ती शिकावयाची तो ढीग पुरेसा मोठा आणि न्यायाने निवडलेला हवा. हाही आक्षेप पुढे आपल्या कामी येणार आहे.

आता टपालाकडे वळू.

संगणकांच्या जाळ्यावरून नको असलेले पत्र येऊ शकेल, ही भीती ते येण्याच्या आधीच कोणाच्या तरी ध्यानात आली होती. नोव्हेंबर १९७५ मध्ये जॉन पोस्टेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक छोटे टिपण लिहून दाखवून दिले की, या जाळ्यात पत्र घेणाऱ्या संगणकाला एखाद्याचे पत्र नाकारण्याची सोयच ठेवलेली नाही. नाकारण्याचा अधिकार नाही, म्हणजे रद्दी म्हणण्याचाही अधिकार नाही. अडीच वर्षांनी, मे १९७८ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने आपल्या नव्या संगणकाची जाहिरात सुमारे ४०० लोकांना एकदम धाडली. पहिले स्पॅम ते हेच असे मानतात. एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातील एका वकील दांपत्याने अमेरिकेच्या ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात हजारो चर्चामंडळांत चिकटविली, आणि तेव्हापासून हा एक धंदाच झाला. ‘स्पॅम’ हे नाव मूळचे १९३७ सालच्या डबाबंद मांसाचे; १९७० च्या एका इंग्रजी विनोदी प्रहसनात खानावळीतल्या प्रत्येक पदार्थात ते घातलेले असते, नको म्हटले तरी, त्यावरून ते नको असलेल्या पत्रांना चिकटले. आपल्याकडे हे सगळे उशिरा आले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे सामान्य माणसाला इंटरनेट खुले केले. जळगाव-धुळ्याला ते पोचावयास आणखी काही वर्षे लागली. जेव्हा पोचले तेव्हा रद्दी बरोबरच घेऊन आले.

तिचा बंदोबस्त पहिल्याने झाला तो बाह्यांगाच्या परीक्षेने. अनुभवी माणसाने नियम करावयाचे: विषयाची ओळ सगळी मोठ्या अक्षरांत असेल तर इतके गुण, पाठविणाऱ्याचा पत्ता बनावट वाटला तर इतके, पत्रात अमुक शब्द आले तर इतके, आणि बेरीज ठराविक आकड्यापुढे गेली की पत्र रद्दीत. २००१ साली जस्टिन मेसन याने ‘स्पॅमअसॅसिन’ नावाची जी चाळणी सर्वांना मोफत खुली केली, तिचे सूत्र हेच, आणि तिचा ठराविक आकडा ५ हा होता. पर्ल या संगणकभाषेत ती लायब्ररीच्या रूपाने मिळते. प्रोग्रॅम लिहिणारे ज्याला लायब्ररी म्हणतात ती जळगावच्या व. वा. वाचनालयासारखी पुस्तकांची लायब्ररी नव्हे. कोणी एकाने नीट लिहून ठेवलेल्या आज्ञांचा तो संच असतो, दुसऱ्याने उचलून आपल्या कामाला लावावा असा. मोर्तबाची युक्तीही पुन्हा जन्मास आली. २००७ साली ‘डीकिम’ या नावाने एक प्रघात ठरला; त्यात पाठविणाऱ्या संस्थेचा संगणक पत्राच्या मजकुरावरून गणिताने एक खूण तयार करतो. वाटेत कोणी मजकुरात फेरफार केला तर खूण जुळत नाही.

नियमांच्या चाळणीचा दोष असा की, नियम सर्वांना दिसतात, म्हणून चोरालाही दिसतात. ‘लॉटरी’ हा शब्द दंडपात्र ठरला की तो ‘लॉ-ट-री’ असे लिहू लागतो. मग नवा नियम, मग नवी पळवाट. येथे शब्द मोजण्याची रीत पुढे आली, आणि तिचे मूळ एका इंग्रज धर्मोपदेशकाच्या निबंधात सापडले. टॉमस बेझ १७६१ मध्ये वारला. त्याच्या कागदांत संभवाच्या गणितावरचा एक निबंध होता, तो रिचर्ड प्राइस या त्याच्या मित्राने १७६३ मध्ये प्रसिद्ध करविला. हाही मरणोत्तर दप्तरातून वाचविलेलाच कागद! त्यातला विचार असा की, कार्य दिसल्यावर कारणाचा संभव किती, हे आधीच्या अनुभवाच्या संख्येवरून काढता येते.

आपण एक हिशेब करून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा आपणाजवळ रद्दीची ५०० पत्रे आहेत आणि खरी ५०० आहेत. ‘लॉटरी’ हा शब्द रद्दीच्या २०० पत्रांत आला आणि खऱ्या २ पत्रांत आला. म्हणजे हा साक्षीदार रद्दीच्या बाजूने शंभरास एक असा बोलतो. ‘कीर्द’ हा शब्द रद्दीच्या ५ पत्रांत, खऱ्या ९५ पत्रांत. हा साक्षीदार उलट बाजूचा, एकास एकोणीस. आणि ‘मावशी’ हा शब्द रद्दीच्या १ पत्रात, खऱ्या ५० पत्रांत. आता एक नवे पत्र आले. कोणा दुकानदाराची मावशी लिहिते की, लॉटरीच्या तिकिटांचे पैसे कीर्दीत मांडले का. महाराष्ट्र राज्याची लॉटरी १९६९ पासून आहे. तिची तिकिटे विकणे हा उजळ माथ्याचा धंदा आहे. नियमांची चाळणी ‘लॉटरी’ पाहताच दंड करील. मोजणारी चाळणी तिघांचीही साक्ष घेते: शंभराला एकोणिसाने भागले, सुमारे सवापाच राहिले, त्याला पन्नासाने भागले, सुमारे एकदशांश राहिला. म्हणजे हे पत्र रद्दी असण्याचा संभव एक, तर खरे असण्याचा दहाच्या आसपास. मावशीचे पत्र घरात आले.

या रीतीला संगणकवाले ‘भोळा बेझ’ म्हणतात, आणि भोळेपणा असा की, प्रत्येक शब्द स्वतंत्र साक्षीदार धरला जातो. आपल्या पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’ असे लिहिण्याची चाल आहे. हे चार शब्द नेहमी एकत्र येतात. माणसाच्या दृष्टीने ती एकच साक्ष, पण भोळी चाळणी ती चौघांची धरते. असे असूनही रीत व्यवहारात चांगली चालते, हे नवल आहे. १९९८ साली सहामी, ड्युमे, हेकरमन आणि हॉर्विट्झ या चौघांनी ती पत्रांवर लावून दाखविली, आणि पत्र रद्दीत टाकण्यासाठी ९९.९ टक्के खात्री मागितली. इनाम कमिशनच्या वेळचा तो भेद येथे आकड्यात मांडला गेला. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम याने एक लेख लिहून ही रीत जगभर पोचविली. त्याने दोन ढीग केले, प्रत्येकी सुमारे ४००० पत्रांचे. नव्या पत्रातील अत्यंत बोलके असे १५ शब्द घेतले आणि त्यांच्या साक्षीवरून निकाल दिला. खऱ्या पत्रांतील शब्दांची मोजणी त्याने मुद्दाम दुप्पट धरली, निरपराध पत्र अडकू नये म्हणून. आणि जो शब्द पूर्वी कधी दिसलाच नाही त्याला ०.४ असा अंक दिला, म्हणजे निर्दोषतेकडे किंचित झुकता. हजारात पाचांहून कमी रद्दीपत्रे सुटली आणि खरे एकही अडकले नाही, असा त्याने हिशेब दिला. चोरांनी यावरही तोड काढलीच. ते पत्राच्या तळाशी सभ्य शब्दांचे भारे, कादंबऱ्यांचे उतारेसुद्धा जोडू लागले.

ग्रॅहमच्या लेखातील जी गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी मनावर घेतली नाही ती अशी की, ज्याचे टपाल त्याचाच ढीग हवा. राजवाड्यांच्या तीन पत्रांवरचा आक्षेप तो हाच. जळगावच्या केळीच्या आडत्याला येणाऱ्या खऱ्या पत्रांत ‘भाव’, ‘आज’, ‘तातडीने’, ‘पेमेंट’ हे शब्द भरलेले असणार. सराफाच्या पत्रांत ‘शुद्ध’, ‘सोने’, ‘सवलत’. धुळ्याच्या एखाद्या संस्कृत शिक्षकाच्या टपालात हेच शब्द आले तर बहुधा ते रद्दीच. सर्वांना एकच चाळणी लावली की कोणावर तरी अन्याय होतोच.

येथपर्यंत यंत्राने पत्रातील शब्द पाहिले असे आपण गृहीत धरले. ते शब्द त्याला दिसतात तरी का? मराठीच्या बाबतीत खरी गोम येथे आहे.

मोडी वाचणारांना ठाऊक आहे की, मोडीत शब्द तोडून लिहीत नसत. आधी ओळभर शिरोरेषा ओढावयाची आणि तिच्याखाली अक्षरे सलग सोडावयाची; शब्द कोठे तुटतो ते वाचणाराने ठरवावयाचे. चुकीच्या जागी तोडला की अर्थाचा अनर्थ. संगणकापुढेही पहिले काम तेच असते. जुन्या पद्धतीच्या मेलफोल्डरमध्ये सगळी पत्रे एकाच लांबलचक फाइलीत, एकाखाली एक अशी ठेवलेली असतात, आणि प्रत्येक पत्राचा आरंभ ‘फ्रॉम’ या शब्दाच्या ओळीने ओळखावयाचा असतो. पायथन या भाषेतील ‘मेलबॉक्स’ नावाची लायब्ररी हा रुमाल सोडून एकेक पत्र हातात देते. मग पत्राचे शब्द तोडावयाचे. त्यासाठी आणि पुढच्या मोजणीसाठी ‘सायकिट-लर्न’ ही लायब्ररी फार वापरात आहे. तिला दुसरे काही सांगितले नाही तर ती आपल्या ठराविक नियमाने तोडते: अक्षरे किंवा आकडे जेथवर सलग आहेत तेथवर एक शब्द, आणि ज्यात दोनहून कमी अक्षरे असतील तो टाकून द्यावयाचा. इंग्रजीला हा नियम शोभतो. परंतु पायथनच्या ठराविक व्याख्येत आपली काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्ताची खूण ही ‘अक्षरे’ नव्हेत. ती आली की शब्द तेथे तुटला.

याचा परिणाम ऐका. ‘जळगाव’ मधील ‘जळग’ राहते, काना गळतो, आणि ‘व’ एकटा उरला म्हणून टाकला जातो. ‘खानदेश’चे ‘नद’ होते. ‘बक्षीस’चे ‘बक’ होते. आणि ‘धुळे’? ‘ध’ एकटा, ‘ळ’ एकटा. दोघेही गेले, गाव नकाशावरून पुसले गेले. ‘केळी’ गेली, ‘कापूस’ गेला. ‘लोभ’ आणि ‘विनंती’ दोन्ही गेले. अहिराणी बोलणारा ‘तुन्हा’ लिहील तर काहीच उरत नाही, आणि ‘मन्हा’ लिहील तर त्याचे ‘मन’ होते. तेवढे एक बरे झाले म्हणावयाचे. अशा अवस्थेत यंत्राने बेझचे गणित कितीही अचूक केले तरी ते कोणाची साक्ष घेत आहे? अर्धे साक्षीदार कोर्टाच्या दारातच अडविले गेले, आणि जे आत आले त्यांची नावे मोडून लिहिली गेली. लायब्ररी लिहिणारांनी हे दुष्टाव्याने केले असे मी म्हणत नाही. त्यांच्यापुढे जे टपाल होते त्याला हा नियम पुरे पडला. आपले टपाल त्यांच्यापुढे नव्हते.

उपाय अवघड नाही. तोडण्याचा नियम आपण स्वतः देता येतो: कोरी जागा आणि विरामचिन्हे येथे तोडावे, खुणा अक्षरांसह ठेवाव्या. एका ओळीचे काम आहे. दुसरी अडचण सामान्यरूपाची. ‘धुळे’, ‘धुळ्याला’, ‘धुळ्याहून’, ‘धुळ्यातला’ हे आपल्याला एकच गाव वाटते. यंत्राला चार अनोळखी माणसे. म्हणून मराठीत संपूर्ण शब्दांबरोबर तीन-तीन, चार-चार अक्षरांचे तुकडेही मोजावे, म्हणजे ‘धुळ’ हा तुकडा सगळीकडे सापडतो आणि साक्ष विखुरत नाही.

याच्याही आधीचा एक काळ होता, तोही सांगावयास हवा. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली, पण आपल्या कचेऱ्यांत आणि छापखान्यांत कित्येक वर्षे कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी यांसारख्या फाँटांचे राज्य होते. त्यांत पडद्यावर दिसावयास मराठी, पण आत साठवलेली रोमन अक्षरे आणि चिन्हे, त्यांचा अर्थ फाँट असेल त्यालाच कळावयाचा. असे पत्र चाळणीपुढे आले की ते तिला निव्वळ बडबड वाटणार. युनिकोड आले तरी संशय संपला नाही. युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीच्या एका अक्षराला तीन बाइट लागतात, आणि वाटेत बिघडू नये म्हणून अशी पत्रे पुष्कळदा ‘बेस-६४’ नावाच्या सांकेतिक पेहेरावात पाठवतात. स्पॅमअसॅसिनच्या नियमांत एक नियम असा आहे की, मजकूर बेस-६४ ने झाकला असेल तर गुण चढवावे, कारण चोर मजकूर झाकतो. आणि दुसरा एक नियम परक्या लिपीबद्दलच होता. झाकलेले ते सर्व चोराचे, हा तर्क इंग्रजी गावात चालेल. आमच्या गावी पदर घेतलेली प्रत्येक बाई संशयित धरण्यासारखे ते आहे.

कायद्याने हा प्रश्न सुटेल अशी काहींची समजूत असते. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००९ पासून ६६-अ हे कलम लागू झाले. त्रास देण्यासाठी किंवा पाठविणाऱ्याबद्दल फसविण्यासाठी धाडलेले ईमेल हा त्यात गुन्हा होता. पण कलमाची भाषा इतकी सैल की त्यात कोणीही सापडावा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील एका मजकुरापायी अटक झाली, देशभर गदारोळ झाला, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते सबंध कलम घटनाबाह्य ठरविले. रास्तच झाले. त्याबरोबर रद्दी ईमेलविरुद्धची ती तरतूदही गेली. म्हणजे कायद्यालाही खऱ्या-खोट्याची निवड धड साधली नाही; जाळे फार बारीक विणले आणि भलतेच मासे सापडले.

आज बहुतेकांचे टपाल मोठ्या कंपन्यांच्या कोठारात असते. त्यांच्या चाळण्या फार कुशल आहेत हे मान्य. पण त्या उघडून पाहता येत नाहीत, आणि जीमेलच्या स्पॅम फोल्डरमधले पत्र तीस दिवसांनी आपोआप कायमचे पुसले जाते. माळ्यावरच्या दप्तराला वाळवी लागावयास यापेक्षा अधिक दिवस लागत. तेव्हा आठवड्यातून एकदा तो फोल्डर स्वतः चाळावा, आणि ज्या तरुणांना प्रोग्रॅम लिहिता येतो त्यांनी आपली चाळणी आपण करून पाहावी. आपल्याच टपालातली दोनशे खरी पत्रे आणि दोनशे रद्दीची हातांनी निवडून दोन ढीग करावे. तोडण्याचा नियम आधी बदलावा, आणि ‘धुळे’ हा शब्द यंत्राला दिसतो की नाही ते छापून पाहावे. दिसला की मगच मोजणी सुरू करावी. खात्रीचा आकडा ९९ च्या खाली आणू नये. घरच्या माणसांची अहिराणीतली पत्रे असतील तर ती खऱ्या ढिगात घालावयास विसरू नये.